कृषी सल्ला: ओढ्याचे बांध, गावची वर्गणी आणि सरकारी निधी

या खेपेला आलेल्या प्रश्नांत कीड-रोगाचे फारसे काही नाही. बहुतेकांनी निधीबद्दल विचारले आहे. प्रश्न थोडे आखूड करून घेतले आहेत, गावांची नावे वगळली आहेत.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातून: "ओढ्याच्या दोन्ही अंगाला आमची भाताची खाचरं आहेत. दर पावसाळ्यात बांध फुटतात, वाळू-गोटे पिकात येतात. यंदा गावात घरटी वर्गणी काढून थोडे पैसे जमवलेत. चंदगडच्या पाहुण्यांच्या गावात सरकारी कामातून बांध झाले. आम्हाला तसा निधी मिळेल काय?"

आधी पाहुण्यांचे. चंदगड महाराष्ट्रात, तुमचे रान कर्नाटकात. रान ज्या राज्यात, योजना त्या राज्याची. तुमची भाषा, सोयरीक, बाजार कुठलाही असो. महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवर खानापूरच्या उताऱ्याचा अर्ज चालत नाही, तेव्हा त्यात दिवस घालवू नका. ज्यांची जमीन दोन्हीकडे आहे त्यांनी त्या त्या जमिनीपुरता त्या त्या राज्यात अर्ज करावा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० मात्र कुटुंबाला एकदाच. दोन्हीकडून उचलले तर वसुली होते.

इकडे तुमच्या कामाला तीन वाटा आहेत. पहिली, ग्रामपंचायतीची रोजगार हमी. अल्प आणि अत्यल्प भूधारकाच्या रानात बांधबंदिस्ती, शेततळे, फळझाडांची लागवड ही कामे त्यात बसतात. पण काम पंचायतीच्या आराखड्यात असावे लागते, आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी ऑक्टोबरपासूनच्या ग्रामसभांत सुरू होते. जूनमध्ये बांध फुटल्यावर पंचायतीत गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' हेच उत्तर येणार, आणि ते चुकीचे नाही. या कामात ठेकेदार चालत नाही आणि मजुरांच्या हातचे काम यंत्राला देता येत नाही. तेव्हा जेसीबीवाल्याशी आधीच बोलणी करून मोकळे होऊ नका.

दुसरी, केंद्राच्या पंतप्रधान कृषी सिंचाई योजनेतला पाणलोट विकास. २०२१-२२ ते २०२५-२६ च्या टप्प्यात सपाट भागाला हेक्टरी २२,००० आणि डोंगराळ, अवघड भागाला २८,००० रुपये असा दर धरला आहे. ऐकायला बरा वाटतो. पण २०० हेक्टरच्या शिवाराला सपाटीच्या दराने ४४ लाख झाले, तरी त्यातून प्रशिक्षण, देखरेख, बचत गटांचे व्यवसाय हे सगळे वजा जाऊन मग बांध-बंधारे. शिवाय प्रकल्प हजारो हेक्टरचा असतो, एक गाव सुटे अर्ज करून त्यात शिरू शकत नाही. तुमचा पाणलोट निवडला गेला आहे काय, हे होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीत, विचारा. निवडला असेल तर पंचायतीखालच्या पाणलोट समितीत तुमचा माणूस असलाच पाहिजे. ओढ्याच्या वरच्या टोकाचा एक आणि खालच्या टोकाचा एक असे दोघे असले तर आणखी चांगले.

तिसरी वाट नाबार्डच्या पाणलोट निधीची. तिथे गावाने अकुशल मजुरीच्या १६ टक्क्यांइतके श्रमदान करायचे असते, आणि मोठे काम हातात देण्याआधी एका लहान तुकड्यावर गावाची परीक्षा होते. मला ही पद्धत आवडते. जे गाव पैऱ्याने, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबून, रोपलावण करते त्याला श्रमदान शिकवावे लागत नाही, फक्त हजेरी लिहायला शिकवावे लागते.

आता तुमच्या वर्गणीबद्दल, कारण खरी अडचण मला तिथे दिसते. घरटी वर्गणी देवळाच्या जीर्णोद्धाराला ठीक, बांधाला नाही. ज्याचे ओढ्याकाठी तीन एकर आहे आणि ज्याचे तिथे काहीच नाही, दोघांनी सारखे का द्यायचे? भूमिहीन घराकडून बांधासाठी पैसे घेणे मला पटत नाही. त्या घरातली माणसे कामावर येतील, त्यांना मजुरी मिळाली पाहिजे. ओढ्याकाठच्या जमिनीवर गुंठ्याच्या हिशेबाने आकारणी करा. वाटेकरी पीक घेत असेल तर हिस्सा मूळ मालकाचा, कारण बांध टिकला तर जमीन त्याची सुधारते. निदान सात जणांनी मिळून संघ नोंदवा, बँकेत दोन सह्यांचे खाते काढा, पावती पुस्तक ठेवा. पुढे एखाद्या कारखान्याच्या किंवा कंपनीच्या सामाजिक निधीतून मदत घ्यायची म्हटले तरी पहिल्यांदा हेच विचारतात. आणि गावात कागद करा: बांधाची डागडुजी कोण करणार, कधी करणार, न करणाऱ्याचे काय. हा कागद नसलेली सरकारी कामे दोन-तीन पावसाळ्यांत ओढ्याला मिळालेली मी पाहिली आहेत.

कामाच्या पद्धतीबद्दलही सांगतो, पैसा आला आणि बांध फुटला तर काय उपयोग? तुमच्याकडचे बांध उंची कमी म्हणून फुटत नाहीत, सांडवा नाही म्हणून फुटतात. पाण्याला वाट दिली नाही की ते स्वतः काढते. प्रत्येक खाचराला दगडी सांडवा हवा, त्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा वीतभर खाली, आणि पाणी पडते तिथे दगडांचे पिचिंग. माती थराथराने टाकून धुम्मसने ठोका. सैल माती पहिल्या पावसात बसते आणि बांध आपोआप ठेंगणा होतो. काम वरून खाली: आधी माथ्यावरच्या घळींत सुटे दगडी बंधारे, मग मधले ताल (उताराला आडवे घातलेले बांध), शेवटी ओढ्याकाठ. उलट केले तर वरची सगळी वाळू नव्या बांधावर येऊन बसेल. बांधावर वाळा आणि गिरिपुष्प लावा. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडता येतो, तेवढे युरियाचे पोते वाचते.

येळ्ळूर भागातून: "आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या बासमतीचं बी आहे. आता लावणारी घरं कमी झालीत. हे बी टिकवायला सरकार मदत करतं काय? पिशवीवर 'बेळगाव बासमती' छापून विकलं तर चालेल काय?"

मदत आहे, पण हेक्टरी अनुदानासारखी नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या किंवा समुदायाच्या नावावर नोंदवता येते, आणि शेतकऱ्यांच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही. जुने वाण जपणाऱ्या समुदायाला त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडून १० लाखांपर्यंतचा पुरस्कार असतो. एकेका शेतकऱ्यासाठी दीड लाख आणि एक लाख असे वेगळे. मत्तीकोप्पचे कृषी विज्ञान केंद्र किंवा धारवाडचे कृषी विद्यापीठ यांच्यामार्फत प्रस्ताव करा. प्राधिकरणाची एक शाखा शिवमोग्ग्यात आहे, प्रत्येक वेळी दिल्लीला धावायला नको. सोबत पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे जाऊन लोकजैवविविधता नोंदवहीत हे वाण लिहून घ्या. ती वही बऱ्याच पंचायतींत कपाटात पडून असते. हक्काने मागा.

नावाबद्दल मात्र सावध राहा. 'बासमती'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांतल्या ठरावीक भागाला; त्यात कर्नाटक नाही. बाजारात तोंडाने लोक बासमती म्हणतात, म्हणू देत. छापील पिशवी काढायची तर गावाच्या नावाने वाण नोंदवा आणि तेच नाव छापा. मला विचाराल तर 'येळ्ळूर' हे नाव या भातापुरते काही कमी नाही.

बी शुद्ध ठेवणे हे त्याहून मोठे काम. पीक उभे असताना खऱ्या जातीची ठळक लोंबे निवडा, वेगळी झोडपा. बियाण्याचे खाचर शेजारच्या दुसऱ्या भातापासून तीन मीटर तरी लांब असावे, भेसळीचे ताट फुलोऱ्याआधी उपटून टाका. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता. तरंगणारे पोचट काढून खालचे दोनदा धुऊन सावलीत सुकवा. हे भात उंच वाढते आणि लोळते, म्हणून नत्र हात राखूनच द्या. जास्त युरियाने उतारा वाढत नाही, आडवे पडते. आणि सगळे बी एकाच घरी ठेवू नका. बळ्ळारी नाल्याचे पाणी कधी कुणाच्या रानात बसेल सांगता येत नाही, तेव्हा वेगवेगळ्या शिवारांतल्या चार-पाच घरांत वाटून ठेवा.

अथणी तालुक्यातून, कृष्णाकाठ: "उसाच्या रानात मीठ फुटलंय. जिप्सम टाकलं, फरक नाही. एकट्याला सच्छिद्र पाइप घालायला अनुदान मिळेल काय?"

अनुदानाआधी एक विचारतो: पाइपमधून निघालेले पाणी जाणार कुठे? तुमच्या आणि नाल्याच्या मध्ये तीन शेजाऱ्यांची राने असतील तर तुमचा पाइप त्यांच्या बांधाला जाऊन थांबणार. त्या पट्ट्यातले सगळे एकत्र येऊन मुख्य चर नाल्यापर्यंत काढणार असतील तरच हे काम करा, आणि प्रस्तावही एकत्रच द्या. माती तपासून घ्या. क्षारता (अहवालातले ईसी) चारच्या वर आणि सामू (पीएच) साडेआठच्या आत असेल तर ती जमीन नुसती खारवट आहे, तिला जिप्सम नको, निचरा हवा. सामू साडेआठच्या वर असेल तर चोपण; तिथे जिप्सम लागते, पण तेही निचऱ्यानंतर. निचऱ्याशिवाय टाकलेल्या जिप्समचे पैसे गेले असे समजा. आणि कालव्याला पाणी आहे म्हणून उसाला भरमसाट पाजायचे थांबवल्याशिवाय यातले काहीही टिकणार नाही. हे सांगितले की लोक नाराज होतात.

निपाणी भागातून: "नैसर्गिक शेतीला एकरी ४,००० मिळतात हे खरं काय? तंबाखू सोडून सगळं रान तिकडं वळवावं म्हणतो."

खरे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय अभियानात एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षे, आणि एका शेतकऱ्याला एका एकरापुरतेच. गाव त्या अभियानाच्या गटात असले पाहिजे. एका एकराच्या मदतीवर सगळे रान वळवू नका. एक एकर करा, घरच्या खाण्याच्या पिकापासून. तंबाखूला पर्याय शोधायचा असेल तर निपाणीच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन बोला. तो प्रश्न ४,००० रुपयांत सुटणारा नाही.

भीमगड अभयारण्याच्या कडेचे शेतकरी: "गवे येऊन भात तुडवतात. भरपाई कशी मिळते?"

वन खात्याकडून. नुकसान झाले की लगेच फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा होईपर्यंत राहिलेले पीक कापू नका. अर्ज ई-परिहार प्रणालीवर चढतो, त्याची पोच घ्या. सौर कुंपण प्रत्येकाने आपापल्या रानाला घालण्यापेक्षा जंगलाकडच्या अंगाला सगळ्यांनी मिळून एकच ओळ घाला. गवा उघड्या रानातूनच शिरतो. वीजखांबावरून तार थेट कुंपणाला जोडणे गुन्हा आहे, आणि त्यात पहिल्यांदा माणूस किंवा घरचे जनावर मरते.

अनेकांनी विचारलेले: "एफआयडी होत नाही, नाव जुळत नाही म्हणतात."

एफआयडी म्हणजे कर्नाटकातला शेतकरी ओळख क्रमांक. आधारावर एक नाव, पहाणीवर (इकडच्या सातबाऱ्यावर) कन्नडमध्ये दुसरे, वडिलांचे नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही: सीमाभागात हे घरोघरी आहे. आधार, पहाणी आणि पासबुक घेऊन रैत संपर्क केंद्रात या. फरक किरकोळ असेल तर तिथेच जुळवून देतात. उतारा अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर आधी तलाठ्याकडे वारसा लावा, भावांत वाटणी झाली असेल तर फोडीचा अर्ज द्या. याला वेळ लागतो, म्हणून भात मळून झाले की लगेच सुरू करा. अर्ज कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि सर्व्हे नंबर, गुंठे, खाते क्रमांक या तीन गोष्टी स्वतः तपासा.