समजतं सगळं, पण बोलत नाही

"मॅडम, क्लासला सहा महिने झाले. कळतं सगळं, पण तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ!"

समोर सल्ल्यासाठी आलेली आई, आणि तिच्या खुर्चीमागे लपलेला साडेपाच वर्षांचा मुलगा. त्याला आपण छोटू म्हणू. वडिलांच्या नोकरीमुळे पुढच्या वर्षी फ्रान्सला जायचं, म्हणून फ्रेंचचा क्लास. बाकीची मुलं गाणी म्हणतात, रंग सांगतात, हा ढिम्म. "डोक्याने कमी तर नाही ना?" हे आईने त्याच्यादेखतच विचारलं. मी त्याला आधी खेळण्यांच्या कोपऱ्यात पाठवलं.

ही तक्रार इतक्यांदा येते की माझे पहिले प्रश्न ठरलेले आहेत. मातृभाषेत वयाच्या मानाने नीट बोलतो का? ऐकू व्यवस्थित येतं का? घरी बडबडतो, पण शाळेत ओळखीच्या भाषेतही महिनाभराहून जास्त गप्पच, असं आहे का? (शाळेचा अगदी पहिला महिना यात धरत नाहीत.) यातली एखादी अडचण असती तर श्रवणचाचणी किंवा सिलेक्टिव्ह म्युटिझमच्या (बोलता येत असूनही ठरावीक ठिकाणी बोलूच न शकणं) दृष्टीने तपासणी, आणि तीही लांबणीवर न टाकता. छोटूचं यातलं काहीच नव्हतं. घरी त्याची टकळी बंद करावी लागते म्हणे.

मग उरतो तो मौनाचा काळ. नवी भाषा कानावर पडू लागली की कित्येक मुलं काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकतात. आईला हे पटलं, पण चेहरा उतरलेलाच राहिला. घरी काय करता विचारलं तेव्हा कारण कळलं. रोज संध्याकाळी: "लाल म्हणजे काय? सांग. मांजर म्हणजे काय? काल तर येत होतं!" पाहुणे आले की हीच तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर. उरलेल्या वेळात फ्रेंच व्हिडिओ. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग मी तिला सांगितला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत चिनी ऐकवलं. समोर माणूस होता तेव्हा बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली, तेच पडद्यावर ऐकलेल्यांना काही फरक पडला नाही. छोटू तान्हा नाही हे खरं, पण पडद्याला त्याच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही, हे त्यालाही कळतंच.

आता माझी फजिती. दुसऱ्या भेटीत मी चित्रांची कार्डं काढली आणि गोड आवाजात विचारलं, "हे काय?" छोटूने कार्ड शांतपणे उचललं आणि उपडं घातलं. मीही तीच परीक्षा घेत होते, फक्त आवाज मऊ होता.

कार्डं आत गेली. जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली: शिकवणाऱ्याने आज्ञा द्यायची, शिकणाऱ्याने अंगाने उत्तर द्यायचं, बोलायची सक्ती नाही. मला फ्रेंच जेमतेम येतं, पण चार शब्द पुरतात. 'सोत' म्हटलं की उडी, 'तूर्न' म्हणजे गिरकी, 'दॉर' म्हणजे झोप आणि 'दबू' म्हणजे उभं राहा. 'दबू' ऐकल्यावर छोटू आधी खाली दबला आणि मी उभी राहिल्यावर खो खो हसला. मग दहा मिनिटं तेच: मी 'दबू' म्हणायचं, त्याने मुद्दाम दबायचं, आणि मी कपाळावर हात मारायचा. अर्थ त्याला पक्का माहीत होता, म्हणून तर मुद्दाम चुकता येत होतं.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "आज साहेब तू. तू सांगशील ते मी आणि आई करणार." बराच वेळ काही नाही. आई "बोल ना" म्हणणार तोच मी डोळ्यांनीच अडवलं. शेवटी ओठ हललेसे वाटले: "दॉ..." आम्ही दोघी सतरंजीवर आडव्या. मी घोरलेही. आता खोलीत जागा एकटाच, आणि आम्हाला उठवायचं तर शब्द त्याच्याचकडे. "दबू!" हा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार.

घरासाठी थोडंच सांगितलं. "म्हणजे काय" विचारणं बंद. रोज दहा मिनिटं साहेबाचा खेळ. पिशवीत पाच वस्तू लपवायच्या, हात घालून ओळखायच्या, आईने मुद्दाम चुकीचं नाव घ्यायचं. चूक पकडायचा मोह मुलांना आवरत नाही. तो चुकला तर "असं नाही" न म्हणता तोच शब्द आपल्या वाक्यात नीट वापरायचा आणि खेळ पुढे न्यायचा. फ्रेंच 'र' घशातून येतो की नाही, ते आत्ता सोडून द्यायचं. आईला हेच सगळ्यांत जड गेलं.

दीड महिन्याने तिचा मेसेज आला. छोटू आंघोळ करताना प्लॅस्टिकच्या बदकाला फ्रेंचमध्ये झोपवतो, उठवतो आणि उडी मारत नाही म्हणून रागावतो. क्लासमध्ये मात्र अजून चकार शब्द नाही. "दाराआडून रेकॉर्ड केलंय. टीचरना पाठवू का?"

नको, म्हणून कळवलं.