प्लेटेस्टला बसणाऱ्याच्या वेळेचे पैसे

प्लेटेस्ट म्हणजे गेम बाजारात येण्याआधी तो लोकांना खेळायला देऊन, ते कुठे अडतात ते बघणं. पैसे देऊन अशी प्लेटेस्ट घेण्याबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातले पाच प्रश्न आज घेते.

आम्ही दोघं मित्र नाशिकला मोबाइलसाठी कोड्यांचा गेम करतोय. कॉलेजच्या पंधरा-वीस मित्रांनी खेळून पाहिला, सगळ्यांना आवडला. मग अनोळखी लोकांना पैसे देऊन कशाला बोलवायचं?

मित्र अडला की तुमच्याकडे बघतो आणि तुमचं बोट नकळत पडद्याकडे जातं. शिवाय त्यातल्या निम्म्यांनी गेले सहा महिने तुमच्याच तोंडून या गेमबद्दल ऐकलेलं असतं. उद्या गेम डाउनलोड करणाऱ्याजवळ तुम्ही बसलेले नसाल.

आता पैशांचं. फुकट बोलावलं तर कोण येतं? ज्याला स्वतःला गेम बनवायची हौस आहे, तो येतो. त्याचं मत ऐकावं, पण तो तुमचा गिऱ्हाईक नाही. ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये कोडी सोडवणारी बाई तुमच्यासाठी शनिवारची दुपार फुकट का घालवेल? तिच्या वेळेची किंमत दिली, तर ती येते. आणि तुम्हाला तीच हवी आहे.

किती पैसे द्यायचे? टी-शर्ट किंवा गेममधली नाणी दिली तर चालेल का? आणि निव्वळ पैशांसाठी खोटी माहिती देऊन येणारे कसे ओळखायचे?

रोख द्या किंवा यूपीआय करा. ज्याला गेम आवडलाच नाही, तो त्यातली नाणी घेऊन काय करेल? पुण्यात दीड तासाच्या सत्राला मी ७०० ते १,००० रुपये धरते, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. सगळ्यांना रक्कम सारखी.

पैसे खेळ सुरू होण्याआधी द्या, माणूस आल्याआल्या. शेवटी पाकीट मिळणार असेल, तर ते देणाऱ्याला दुखवायला कुणाची जीभ रेटत नाही. देताना स्पष्ट सांगा, ‘हे तुमच्या वेळेचे आहेत. कंटाळा आला तर मध्येच उठा, पैसे तुमचेच.’ मध्येच उठणारा माणूस फार मोलाचा असतो. तो कुठल्या मिनिटाला उठला, हे तुम्हाला दुसरं कुणीही इतकं नेमकं सांगणार नाही.

निवड करताना ‘तुम्ही कोड्यांचे गेम खेळता का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘गेल्या दोन आठवड्यांत फोनवर यातले कोणते गेम उघडले?’ असं विचारून दहा नावं द्या आणि त्यातलं एक नाव मनाने रचलेलं घाला. त्या नावावर खूण करणाऱ्याचे आभार मानून थांबा. जाहिरातीतही तुम्हाला कसा माणूस हवा आहे ते उघड करू नका.

सहा जण हवे असतील तर सात-आठ जणांना सांगा आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा. सगळेच आले आणि एकाला बसायला जागा उरली नाही, तरी त्याला पूर्ण पैसे द्या. तो त्याच्या शब्दाप्रमाणे आला होता.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याने पैशांच्या गेमवर बंदी आली. प्लेटेस्टला येणाऱ्याला पैसे देणं त्यात अडकतं का?

त्या कायद्याचा रोख वेगळ्या गोष्टीवर आहे. खेळणारा शुल्क भरतो, ठेव ठेवतो किंवा पैज लावतो आणि बदल्यात जिंकून काही मिळण्याची आशा धरतो, अशा ऑनलाइन गेमवर ती बंदी आहे. तुमच्या सत्रात खेळाडू काहीच लावत नाही. हरो वा जिंको, त्याला ठरलेले पैसे मिळतात. मात्र ‘सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला ५,००० रुपये’ असं काही जाहीर करू नका. कायद्याचा भाग वकिलाला विचारा, पण चाचणीचं नुकसान मी सांगते. बक्षीस लागलं की माणूस घरी खेळतो तसा खेळत नाही आणि आपली चूक लपवतो.

गेममध्ये खरेदी असेल, तर चाचणीच्या खात्यात खोटी शिल्लक भरून ठेवा. पाहुण्याला स्वतःचं कार्ड काढायला लावू नका.

खेळाडू एकाच ठिकाणी दहा मिनिटं अडकला, तर त्याला सांगावं की गप्प बसावं? आणि शेवटी सगळे ‘छान आहे’ म्हणतात, त्याचं काय करायचं?

गप्प बसावं. एका सत्रात गेमचा निर्माता माझ्या शेजारी बसला होता. खेळणारी मुलगी एका बंद दरवाजापाशी घुटमळत होती. चौथ्या मिनिटाला त्याला राहवलं नाही, ‘अहो, ते हिरवं बटण!’ असं तो बोलून गेला. तिने बटण दाबलं, दरवाजा उघडला, आणि पुढचा पाऊण तास ती प्रत्येक पावलाआधी मागे वळून विचारत राहिली, ‘हे बरोबर ना?’ त्या पाऊण तासातलं काहीच आम्हाला वापरता आलं नाही.

व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’च्या वेळी (तो गेम १९९८ चा) हीच शिस्त होती. सिएरा या त्यांच्या प्रकाशकाकडे इतर गेमची नोंदणी-कार्डं पाठवणाऱ्यांमधून खेळाडू बोलावले जात. लेव्हल बनवणारे मागे बसून टिपणं काढत, पण त्यांना तोंडातून शब्द काढायची मुभा नसे. तिथले केन बर्डवेल यांनी १९९९ मध्ये लिहिलं आहे की, दोन तासांच्या एका सत्रातून दुरुस्तीचे शंभरेक मुद्दे निघत, आणि अशी सत्रं दोनशेहून जास्त झाली. ज्यांना आपली लेव्हल उघड्या पुस्तकासारखी वाटत होती, त्यांनाच वीस-वीस मिनिटं मुकाट्याने बघत बसावं लागे. मागे बसलेल्या प्रत्येकाने ते सोसायला हवं, कारण घरी खेळणाऱ्यालाही तो दरवाजा असाच छळणार आहे.

मी सुरुवातीलाच सांगते, ‘तुम्ही अडलात तर चूक आमची. मनात येईल ते मोठ्याने बोला. मी बराच वेळ उत्तर देणार नाही, राग मानू नका.’ ‘ताई, सांगा ना’ असं म्हटलं की ‘मी इथे नसते तर काय केलं असतं?’ एवढंच विचारते. अडल्याची वेळ लिहून ठेवते. पाच-सात मिनिटं झाली आणि चेहरा पडला, की पुढच्या लेव्हलला नेते. पैसे दिले म्हणून कुणाला हिरमुसलेलं बसवून ठेवायचं नसतं.

आता ‘छान आहे’बद्दल. आपल्याकडे समोरच्याच्या तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. ‘बरा आहे’ म्हणजे बहुधा आवडला नाही. ‘लहान मुलांना आवडेल’ म्हणजे ‘मला नाही आवडला’. म्हणून मत विचारूच नका. ‘घरी गेल्यावर बहिणीला हा गेम कसा सांगाल?’ हे विचारा. गेमचं मुख्य सूत्र त्या सांगण्यात आलंच नाही, तर ते पोचलेलं नाही. आणि पहिलं वाक्य मराठीत किंवा त्यांच्या भाषेत बोला. ऑफिस पाहून माणसं इंग्रजीकडे वळतात, आणि मग ‘नाइस’, ‘गुड’ यांपलीकडे जात नाहीत.

आमचा गेम १० ते १३ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शाळेतून मुलं बोलावता येतील का?

शाळेतून नको. बाईंनी सांगितल्यावर वर्गातलं मूल ‘नाही’ म्हणू शकत नाही. पालकांकडून जा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. चेहऱ्याचं, आवाजाचं रेकॉर्डिंग करणार असाल, तर तेही संमतीपत्रात लिहा. गेमबद्दल बाहेर न बोलण्याच्या, गुप्ततेच्या कागदावर मुलाची सही घेऊन उपयोग नाही. अज्ञानाने, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने १९०३ मध्येच मोहरीबीबी खटल्यात ठरवलं. सही पालकांची घ्या, पैसे त्यांच्याकडे द्या, पण ते मुलाच्या कामाचे आहेत हे मुलासमोर सांगा.

दोन मित्रांना एका फोनवर बसवा. एकटं मूल मोठ्यांसमोर मूग गिळून बसतं, दोघं असली की भांडतात आणि सगळं बोलून मोकळी होतात.

एक गोष्ट कृपा करून विसरू नका. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटाने सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं दृश्य चाचणीच्या बिल्डमध्ये (गेमच्या त्या आवृत्तीत) असेल, तर सत्राआधी ते काढा. फिट येण्याचा त्रास आहे का, हे पालकांना फोनवरच विचारा, दारात नाही. घरून निघण्याआधी त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे.