रक्त पातळ करणारी गोळी आणि ८१ वर्षांचे वडील

हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वडिलांना असिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हिरड्यांतून रक्त येते आणि दंडावर काळेनिळे डाग उठले आहेत, तेव्हा गोळी बंद करावी का, असे आपण विचारले आहे. आपल्या मनाने बंद करू नये, कारण हृदयात झालेली गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ नये म्हणूनच ती दिलेली असते. आजच पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या आणि अहवाल हाती येताच डॉक्टरांना कळवा. या आजारात आयएनआर साधारणपणे २ ते ३ ठेवतात; आकडा जितका जास्त, तितके रक्त उशिरा गोठते.

तो वाढलेला निघाला, तर वयाला दोष देण्याआधी गेल्या काही दिवसांत घरात कोणते नवे औषध आले, ते पाहावे. जुलाबासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलने आयएनआर बराच चढतो. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफेनॅकची गोष्ट अधिक फसवी आहे, आयएनआर २.५ असतानाही त्याने पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. जोडीला ॲस्पिरिन चालू असेल, तर ती अजून गरजेची आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. जुन्या चिठ्ठीवरून ती वर्षानुवर्षे चालू राहते.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला, की म्हाताऱ्या माणसांचे जेवण तुटते आणि एरवी आठवड्यातून दोनदा होणारी पालकाची पातळभाजी बंद होते. त्यातून मिळणारे जीवनसत्त्व ‘के’ रक्त गोठायला मदत करते; ते कमी झाले, की गोळीचा तोच डोस जास्त ठरतो. म्हणून पालेभाजी वर्ज्य करायची नसून तिचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही हे खरे, पण त्यांतील डॅबिगाट्रान मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी टाळणाऱ्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) उन्हाळ्यात वाढलेले असू शकते. तेव्हा गोळी बदलायची झाल्यास क्रिएटिनिनची तपासणी आधी करावी.

डांबरासारखा काळा शौच, लघवीतून रक्त किंवा न थांबणारा घोळणा फुटल्यास सकाळची वाट पाहू नये. न्हाणीघरात पडून डोक्याला मार लागला, तर ‘काही झाले नाही’ असे ते म्हणाले तरी त्याच दिवशी नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा धंतोलीतील जवळच्या रुग्णालयात नेऊन सीटी स्कॅनबद्दल विचारावे, आणि पुढचे काही आठवडे वाढती झोप, असंबद्ध बोलणे किंवा चालताना जाणारा तोल यांवर लक्ष ठेवावे, कारण मेंदूभोवतीचे रक्त हळूहळूही साचते.