अमेरिकेत सरकारी मदतीला कामाची अट घातल्याने लोक खरंच स्वावलंबी झाले का?

काही प्रमाणात झाले, पण नुसत्या अटीमुळे नाही. १९९६ च्या कायद्याने गरीब कुटुंबांचा रोख मदतीवरचा हक्क संपवला. राज्यांना ठरावीक निधी मिळू लागला, संघीय पैशातून मिळणारी मदत बहुतेकांसाठी आयुष्यभरात ५ वर्षांपुरती झाली आणि तिला कामाची अट जोडली गेली. काही वर्षांतच लाभार्थी कुटुंबं निम्म्याहून कमी झाली, नोकरी करणाऱ्या एकट्या आयांचं प्रमाणही वाढलं. मात्र तेव्हा अर्थव्यवस्था तेजीत होती, आणि कमी पगाराच्या कामगारांना मिळणारी करसवलतही वाढवलेली होती.

शिवाय यादीतून नाव गेलं म्हणजे गरिबी गेली असं नव्हे. आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये मेडिकेडला, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, कामाची अट लावली, तेव्हा काही महिन्यांत सुमारे १८,००० लोकांचं आरोग्य संरक्षण गेलं. रोजगार मात्र वाढला नाही, कारण ज्यांना अट लागू होती त्यांतले बहुतेक आधीच काम करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. अनेकांना हा नियमच माहीत नव्हता! मला विचाराल तर अट घालण्याआधी राज्याने पाळणाघर, प्रवास आणि प्रशिक्षणाची सोय करायला हवी. विस्कॉन्सिनने नव्वदच्या दशकात पाळणाघरांवर मुद्दाम खर्च केला होता.