ॲक्युपंक्चर पहिल्यांदाच करून घेणार आहे, आधी काय माहीत असावं?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपासून मान आणि उजवा खांदा धरलाय, गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, घरचे ॲक्युपंक्चर कर म्हणून मागे लागलेत, पण सुयांची भीती वाटते. आणि राहता सोलापुरातच.

मीही इथलाच. अशोक चौकाच्या बाजूला शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, म्हणजे सव्वीस वर्षं सुईशीच संसार. तरी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगात सुई घ्यायची वेळ आली तेव्हा तळहाताला घाम फुटला होता. मी डॉक्टर नाही. खांदा आखडलेला पेशंट होतो, तेवढ्याच अधिकारावर लिहितोय.

आधी सुईचंच बोलतो, ते मला कळतं. आमच्या मशीनच्या सुईच्या पाकिटावर 90/14 असं लिहिलेलं असतं. त्यातला 90 म्हणजे जाडी, 0.90 मिलिमीटर. पँटच्या जाड कापडाला 100/16, म्हणजे सोळा नंबरची लावतो, ती पूर्ण 1 मिलिमीटर. इंजेक्शनची नेहमीची सुई अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, आतून पोकळ आणि टोक तिरकं कापलेलं. ॲक्युपंक्चरची सुई साधारण 0.25 मिलिमीटर, भरीव, आणि इतकी लवचीक की बोटाने दाबली तर वाकते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मनात आलं, ही सुई आमच्या कापडात गेलीच नसती.

टोचताना बहुतेक जण एक बारीक प्लॅस्टिकची नळी कातडीवर टेकवतात आणि तिच्यातून वर आलेल्या सुईच्या टोकाला टिचकी मारतात. डास चावल्याएवढं कळतं, कधी तेवढंही नाही. खरी जाणीव नंतर, सुई आत फिरवतात तेव्हा होते. जडपणा, मुंग्या, आतून ठसठस. ते अपेक्षितच असतं, चिनी पद्धतीत त्याला 'द-छी' म्हणतात. पण करंट लागल्यासारखी सणक गेली किंवा आग झाली, तर लगेच सांगायचं. सुई थोडी मागे घेतात आणि थांबतं. आपल्याकडे पुरुषमाणसं दात-ओठ खाऊन सोसत बसतात. इथे त्या शौर्याचा काही उपयोग नाही.

आता माझी चूक सांगतो. खांदा का दुखतोय हे न कळताच मी सुया टोचून घ्यायला निघालो होतो. बायको अडून बसली म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात वर करायला लावला, मग मागे नेऊन कमरेला टेकवा म्हणाले. खिशाच्या मागे हात जाईना. म्हणाले फ्रोजन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडलाय, आणि पहिल्यांदा शुगर तपासून या. शुगर निघाली! फ्रोजन शोल्डर शुगरवाल्यांना जास्त होतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. नुसत्या सुया घेत बसलो असतो तर शुगर आतल्या आत वाढत राहिली असती. तुमचंही तसंच असेल असं नाही. पण मानेतून हातात मुंग्या जात असतील, पकड ढिली झाली असेल, तर आधी तपासणी. आणि चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येऊन खांदा दुखत असेल तर सुई-बिई काही नाही, सरळ ईसीजी.

कुणाकडे जायचं? आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदही आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. बोर्डावर 'ॲक्युप्रेशर-ॲक्युपंक्चर' एकत्र लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. ॲक्युप्रेशरमध्ये सुई नसतेच, नुसता दाब. फिजिओथेरपीवाले 'ड्राय नीडलिंग' करतात ते अजून वेगळं. सुई तीच, पण ते आखडलेल्या स्नायूच्या गाठीत टोचतात.

मी ज्या पहिल्या ठिकाणी गेलो तिथे स्टीलच्या डबीत कापसावर सुया मांडून ठेवल्या होत्या. स्पिरिटचा वास. विचारलं, पाकिटातल्या नाहीत का? उत्तर आलं, "तुमच्या तुमच्या वेगळ्या ठेवू की." तिथूनच परत फिरलो आणि दुसरीकडे, एका ताईंकडे सुया घेतल्या. एकदा वापरलेली सुई फेकायचीच. पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई जाड डब्यात गेली पाहिजे. स्पिरिट पुसून कावीळ आणि एचआयव्हीचा धोका जात नाही.

त्यांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर, पेसमेकर असेल तर (सुयांना कधीकधी वायरी लावून बारीक करंट देतात, तो पेसमेकरवाल्यांना चालत नाही), आणि घरातल्या कुणा बाईला न्यायचं असेल नि दिवस गेलेले असतील तर. गर्भारपणात हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मधली जागा, घोट्याच्या वरची आतली जागा अशा काही ठिकाणी सहसा टोचत नाहीत. शुगरमुळे तळपाय बधिर असतील तर तेही सांगा, विशेषतः मोक्सा देणार असतील तर. मोक्सा म्हणजे एका वनस्पतीची वाळलेली पानं पेटवून दिलेला शेक. बधिर पायाला चटका कळत नाही.

रिकाम्या पोटी जाऊ नका. मी दुसऱ्या वेळी सकाळी नुसत्या चहावर गेलो, त्यात एप्रिल महिना, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या सुईला डोळ्यांपुढे अंधारी. ताईंनी पटापट सुया काढल्या, पाय उंच केले, पाणी पाजलं. नंतर दर वेळी अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी खाऊनच गेलो, परत कधी चक्कर नाही. शक्यतो झोपूनच घ्या, बसून नको.

गंमत म्हणजे दुखतं तिथेच सुई देतील असं नाही. माझ्या खांद्यासाठी एक सुई नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि घोट्याच्या मधोमध. सुई पायात, आणि मला म्हणाल्या आता हात वर-खाली करा. करताना मलाच हसू येत होतं. बाकी वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. बाहेर रिक्षांचा आवाज, आणि मी चक्क घोरलो. मान-खांद्याच्या, पाठीच्या वरच्या भागातल्या सुयांना मात्र हात अनुभवी हवा, कारण खाली फुफ्फुस असतं. फार क्वचित होतं, पण सुई खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं. घरी आल्यावर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचायला लागलं, तर 'उद्या बघू' म्हणू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

गुण येतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर केलेली चाचणी 2007 मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरवाल्यांपैकी सुमारे 48 टक्के लोकांना फरक होता, गोळ्या-व्यायामवाल्यांपैकी 27 टक्क्यांना. आता गंमत बघा, ज्यांना मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया दिल्या होत्या, त्यांच्यातही 44 टक्के! म्हणजे सुईचा नेमका बिंदू किती महत्त्वाचा, हा प्रश्न उरतोच. माझा खांदा दहा वेळा जाऊन बराच सुटला, दर वेळी चारशे रुपये दिले. पण फ्रोजन शोल्डर एक ते तीन वर्षांत बऱ्याच जणांचा आपोआपही सुटतो आणि मी रोज भिंतीवर बोटं चढवायचा व्यायामही करत होतो. श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवत बसलो नाही. पाच-सहा वेळा जाऊन काहीच फरक नाही वाटला तर थांबा, वीस वेळांचं पॅकेज आगाऊ भरू नका. शुगर-बीपीची गोळी बंद करा म्हणणाऱ्याकडे तर परत जाऊच नका.

एक जाता जाता, कारण तुम्हाला इथे कुणीतरी सांगणारच: "आपल्या कोटणीसांनी चीनहून आणलेली विद्या आहे ही." भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं स्मारक मीही अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. पण डॉ. द्वारकानाथ कोटणीस शल्यचिकित्सक होते, 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातून गेले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. भारतात ॲक्युपंक्चर रुजवलं ते त्यांच्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, नंतर पुन्हा चीनला जाऊन शिकून, कोलकात्यात. त्यामुळे कोटणीसांच्या नावावर कुणी सुई विकत असेल तर नोंदणी क्रमांक तरीही विचारा.

आणि सुया मोजा. आमच्या युनिटमध्ये नियम आहे, मशीनची सुई तुटली तर सगळे तुकडे सापडल्याशिवाय नवी मिळत नाही. त्या सवयीने मी पडल्या पडल्या मोजायचो. सहाव्या वेळी आत गेल्या बारा, ट्रेमध्ये वाजल्या अकरा. म्हटलं, "ताई, एक राहिली." त्या म्हणाल्या, "नाही हो, सगळ्या काढल्या." कानामागे केसांत निघाली.