बत्तीस हजार वाचवायला हाँगकाँग?

वाकडहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो.

"मी आणि नवरा, दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५२ हजार. घराचा हप्ता ४२ हजार, पाळणाघर १४, घरखर्च, वीज, सोसायटी मिळून ३६, औषधं आणि विम्याचे हप्ते १०. एसआयपी २० हजारांची. ३ लाखांची एफडी आहे. मुलगी ९ सप्टेंबरला दोन वर्षांची होईल. त्याच्या आत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सासू-सासऱ्यांना घेऊन हाँगकाँगचं डिस्नेलँड करायचं मनात आहे. आत्ता तिचं विमानाचं तिकीट नाममात्र आहे आणि डिस्नेलँड फुकट. ट्रॅव्हलवाल्याने शेजारचं मकाऊ शहर धरून माणशी १ लाख ५ हजार सांगितले, बाळाचे १४ हजार. दोन वर्षं पूर्ण झाली की बाळाचेच ४६ हजार. नवरा म्हणतो, १४ टक्क्यांनी ४ लाखांचं पर्सनल लोन घेऊ, दोन वर्षांत फेडू. मी म्हणते, एफडी मोडू, निदान व्याज तरी जाणार नाही. सासरे ६९ वर्षांचे, एक लाख देतो म्हणतात, पण बाबांचे पैसे घ्यायचे नाहीत असं नवऱ्याचं म्हणणं. सासूबाईंना जानेवारीत ६५ पूर्ण होतील, त्यांचा गुडघा दुखतो. दोघांनी विमान अजून आतून पाहिलेलं नाही. त्यांचा आरोग्य विमा नवऱ्याच्या कंपनीतलाच आहे. लोन घ्यावं की एफडी मोडावी?"

ताई, दोन्ही नको. पण जाऊ नका असंही मी म्हणत नाहीये, तेव्हा पत्र इथेच मिटून ठेवू नका.

तुमच्या दोघांचा वाद पैसे कुठून आणायचे याचा आहे, पण ९ सप्टेंबर ही तारीख दोघांनीही निमूटपणे मान्य केलेली दिसते. त्या तारखेत नक्की किती पैसे आहेत ते आधी बघू. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. म्हणजे तिथला 'फुकट'चा मुद्दा पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत तसाच राहणार आहे, त्याच्यासाठी घाई करायचं कारण नाही. विमानाची गोष्ट खरी आहे. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं आणि त्याचं भाडं थोडकं असतं. (बहुतेक कंपन्या परतीच्या दिवशीचं वय बघतात, हेही लक्षात असू द्या. परतीचं विमान चुकून १० तारखेचं निघालं तर येताना तिच्यासाठी सीट घ्यावी लागेल.) तर घाईतून वाचणार किती? ४६ वजा १४, म्हणजे ३२ हजार.

आता नवऱ्याचं लोन. ४ लाख, १४ टक्के, २४ महिने. हप्ता येतो साधारण १९ हजार २०० आणि फेडून होईपर्यंत ४ लाख ६१ हजार जातात. प्रोसेसिंग फी वेगळी. ३२ हजार वाचवायला ६१ हजार व्याज. तुमच्याकडे महिन्याअखेर ३० हजार उरतात, त्याचे पुढची दोन वर्षं जेमतेम ११ हजार उरतील. त्यात पाळणाघराची फी वाढेल, मग प्लेग्रुप येईल. आणि कार्डावर 'नो कॉस्ट ईएमआय' मिळतोय असं कोणी सुचवलं तर एकरकमी रोख दिल्यास भाव किती, एवढंच विचारा. त्या दोन आकड्यांच्या मधे व्याज सापडतं.

तुमची एफडी दिसायला जास्त शहाणपणाची वाटते, पण मला तिची काळजी जास्त आहे. लोन घेतलं तर निदान किती गेले ते कळतं. एफडी मोडली की काही गेल्यासारखं वाटतच नाही. तुमचा न टाळता येणारा खर्च महिन्याला १ लाख २ हजार आहे, म्हणजे ३ लाख हे तुमच्या घराचे तीन महिनेसुद्धा पुरते नाहीत. मी दोन पगारांच्या घरालाही सहा महिन्यांची सोय ठेवायला सांगतो. त्यात सासू-सासऱ्यांचा विमा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर पगार आणि त्यांचा विमा एकाच दिवशी जाणार, आणि नेमकी तेव्हा ही एफडी लागणार. शिवाय ती मोडूनही भागत नाहीच. सहल ४ लाख ३४ हजारांची, वरचे १ लाख ३४ हजार कार्डावरच जातील.

सप्टेंबरबद्दलही बोलायला हवं, कारण ट्रॅव्हलवाला ते आपणहून सांगेलच असं नाही. हाँगकाँगला तेव्हा घामाच्या धारा लागतात आणि वादळांचा तो ऐन हंगाम असतो. २०१८ मधलं मांगखुट आणि २०२३ मधलं साओला, दोन्ही सप्टेंबरमध्येच आली आणि दोन्ही वेळा तिथल्या वेधशाळेने सर्वात वरचा, दहा नंबरचा सिग्नल लावला होता. आठ नंबरचा लागला तरी शहरातलं बरंचसं बंद होतं. दरवर्षी असं होतंच असं नाही, पण चार रात्रींच्या सहलीत एक दिवस हॉटेलच्या खोलीत गेला तर तुमच्याच हिशोबाने लाखभर रुपयांचा दिवस गेला.

आता लेकीकडे येऊ. 'तिला काही आठवणार नाही' हा टोमणा मी मारणार नाही. आठवत तर बारशाचंही नसतं, म्हणून बारसं कोणी रद्द करत नाही. पण विकत काय घेतोय ते बघायला हवं. दोन वर्षांच्या मुली साधारण ८५-८६ सेंटिमीटर उंचीच्या असतात. तिथे हायपरस्पेस माउंटनला १०२ सेंटिमीटर लागतात, ग्रिझली माउंटनच्या खाणगाडीला ११२, आरसी रेसरला १२०. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उघडलेल्या फ्रोझनच्या भागातल्या घसरगाडीलाही ९५. तिच्या वाट्याला येतं ते कॅरोसेल, डम्बो हत्ती, 'स्मॉल वर्ल्ड'ची बोट, बागेभोवती फिरणारी आगगाडी आणि मिरवणूक. यात कमीपणा काहीच नाही, ती खूशच होईल. माझा मुलगा त्या वयाचा असताना आम्ही त्याला मोठ्या हौसेने महागड्या रिसॉर्टवर नेलं होतं. तीन दिवस त्याने लिफ्टची बटणं दाबली. परत आल्यावर पेशवे पार्कातल्या फुलराणी या छोट्या आगगाडीत बसवलं, तर तिथून तो उतरायलाच तयार नाही.

म्हणजे ही सहल लेकीची नाही. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात ते वाक्य मी दोनदा वाचलं: दोघांनी विमान अजून आतून पाहिलेलं नाही. सहल त्यांची आहे. लेकीचं फुकट तिकीट हे घरात विषय काढायला सोयीचं निमित्त झालं, इतकंच. आणि त्यांची म्हटली की घाई खरीच आहे, फक्त ती दुसऱ्या वाढदिवसाची नाही, सासूबाईंच्या गुडघ्याची आहे. तो गुडघा सप्टेंबरऐवजी मार्चपर्यंत थांबेल, पण 'मुलगी शाळेत जायला लागली की बघू' म्हणालात तर कदाचित थांबणार नाही. म्हणून मी ही सहल रद्द करत नाहीये, सहा महिने पुढे ढकलतोय.

त्यात एक फायदा आहे जो तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये ६५ आणि त्यावरच्या पाहुण्यांचं तिकीट निराळं असतं आणि ते मोठ्यांच्या तिकिटाच्या अगदी लहान हिश्श्यात मिळतं. तुमच्या ट्रॅव्हलवाल्याने चौघांना सरसकट १ लाख ५ हजार लावलेत. सासऱ्यांची सवलत आत्ताही लागू होते, ती कुठे गेली ते त्याला विचारा. सासूबाई जानेवारीनंतर त्याच रांगेत येतात. नातीचा दुसरा वाढदिवस सगळ्या घराला पाठ आहे आणि आजीचा पासष्टावा कोणाच्या हिशोबातच नाही.

तर माझा हिशोब असा. मकाऊ काढून टाका. गुडघा, लेकीची बग्गी आणि मधे एक समुद्र, कशाला? मकाऊशिवायचा भाव घ्या. तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज माणशी ८४ हजार आणि मुलीचे ३८ हजारांच्या आसपास, म्हणजे ३ लाख ७४ हजार. वरखर्चाला, म्हणजे जेवण, मेट्रो, प्रवास विमा आणि लेक ज्या फुग्यासाठी जमिनीवर लोळण घेणार आहे तो फुगा, यासाठी ४५ हजार धरा. एकूण ४ लाख १९ हजार. जुलै ते फेब्रुवारी आठ महिने ३० हजार बाजूला टाकले की २ लाख ४० हजार. दिवाळीला दोघांच्या बोनसमधून ८० हजार जमतात का ते तुम्हीच बघा, मी जमतात असं धरतोय. आणि सासऱ्यांचे १ लाख. बेरीज ४ लाख २० हजार. इतकी घट्ट बेरीज जुळली की मला स्वतःलाच संशय येतो, म्हणून ६५ वर्षांवरची सवलत मी यात मुद्दाम धरलेली नाही. ती तुमची सैल गाठ. एखाद्या महिन्यात गाडी बिघडली किंवा लेक आजारी पडली तर तेवढ्याने निभेल. त्याहून मोठं काही आलं तर सहल पुढच्या नोव्हेंबरवर जाईल. हवा तेव्हाही छान असते. लेक तिनाच्या पुढे गेलेली असेल आणि तिचं डिस्नेलँडचं एक तिकीट लागेल, बस.

पैसे आरडीत टाका किंवा लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या दिवसांचे पैसे ठेवायच्या कमी जोखमीच्या फंडात. एसआयपीला हात लावायचा नाही आणि हे पैसे शेअरवाल्या फंडातही घालायचे नाहीत, आठ महिन्यांच्या पैशाचं ते ठिकाण नव्हे.

सासऱ्यांच्या लाखाबद्दल थोडं नवऱ्याशी बोलतो. दादा, वडिलांनी तुमच्या घरखर्चाला पैसे देणं आणि आपल्या बायकोला विमानात बसवायला पैसे देणं यात फरक आहे. दुसरं नाकारलंत तर तो मोठेपणा तुम्ही स्वतःकडे घेता, त्यांचा राहतो बाजूला. एवढंच बघा की हे पैसे त्यांच्या महिन्याच्या व्याजाच्या ठेवीतून मोडलेले नसावेत. आपोआप मुदत संपलेल्या रकमेतले असतील तर घ्या आणि 'बाबांनी नेलं' असं चारचौघांत सांगा.

आधी एक रंगीत तालीम करा. पाऊस ओसरला की एखाद्या आडवारी खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जा, वाकडहून एक्स्प्रेसवेने जवळ आहे. बग्गी घेऊन, पाचही जण, सकाळपासून. घड्याळ लावून बघा की लेक किती तास टिकते आणि सासूबाई किती चालतात. चार तासांत दोघी गळाल्या तर हाँगकाँगला दोन दिवसांचं तिकीट काढू नका. एकच दिवस काढा. दुपारी हॉटेलवर झोप, संध्याकाळी परत. हॉटेल मेट्रो स्टेशनला लागून घ्या, तिथे हात आखडू नका. लांबच्या स्वस्त हॉटेलात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

बारीकसारीक तीन गोष्टी. पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे बिलासोबतच आगाऊ घेतला जाणारा कर, लागेल. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून बिल तुमच्यापैकी ज्याचा कर कापला जातो त्याच्या पॅनवर करा. तिथे कार्ड वापरताना मशीनने 'रुपयांत की हाँगकाँग डॉलरमध्ये' असं विचारलं तर डॉलर म्हणा, रुपयांचा भाव ते आपल्या मनाने लावतात. आणि हाँगकाँगचा डॉलर १९८३ पासून अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, तेव्हा बातम्यांत रुपया घसरला की तुमचा वरखर्चही वाढला असं समजा.

विमा काढताना सासऱ्यांच्या जुन्या दुखण्यांची माहिती लपवू नका, प्रीमियम वाढला तरी चालेल.

पहिलं काम मात्र पैशाचं नाही, पासपोर्टचं आहे. सासू-सासरे विमानातच बसलेले नाहीत म्हणजे त्यांचे दोन आणि लेकीचा एक, असे तिघांचे तरी नवीन काढावे लागतील. हाँगकाँगसाठी आपल्याला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण आगाऊ नोंदणी ऑनलाइन करावी लागते, प्रत्येकाची वेगळी, बाळाचीसुद्धा. ती फुकट असते आणि सहा महिने चालते, म्हणून आत्ता करू नका, डिसेंबरात करा. ती मिळाल्यावरच पैसे भरा. आणि पासपोर्टच्या अर्जाआधी सासूबाईंचा शाळेचा दाखला काढून बघा. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस मास्तरांनी १ जूनला लावलेला असतो. कागदावर तसं निघालं तर घरी जानेवारीत केक कापूनही मार्चमध्ये त्या गेटवर ६४ च्याच ठरतील आणि त्यांचं तिकीट पुऱ्या भावाचं धरावं लागेल.