मानसिक आरोग्य क्षेत्रातील कंपनीत काम करणाऱ्यांना तिथली कार्यसंस्कृती प्रत्यक्षात कशी अनुभवायला मिळते?

तुम्ही विचारले आहे की, मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर एका मानसिक आरोग्य कंपनीने तुम्हाला समुपदेशक म्हणून बोलावले आहे, काम देवळीजवळच्या तुमच्या गावातूनच फोनवर करायचे आहे, आणि जी कंपनी दिवसभर इतरांच्या मनाची काळजी घेते ती आपल्या कर्मचाऱ्यांचीही घेत असेल, असे गृहीत धरावे का. मी अशाच एका कंपनीत साडेतीन वर्षे काम केले. गृहीत धरू नका, हे माझे उत्तर आहे. पण ते नीट समजावून सांगायला हवे, कारण तिथली माणसे वाईट नव्हती आणि तरीही आमच्यापैकी बरेच जण थकून बाहेर पडले.

माझे गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर फोनवरून समुपदेशन करणाऱ्या कंपन्यांना मराठी बोलणारी माणसे हवी होती आणि मला गाव सोडायचे नव्हते, कारण बाबा गेल्यापासून घरी आई एकटी होती आणि सात एकरांतली पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर आम्ही दोघी पाहत होतो. कंपनीचा मुख्य व्यवसाय मोठ्या उद्योगांशी करार करून त्यांच्या नोकरदारांना ॲपवरून समुपदेशन देण्याचा होता. त्याशिवाय, सामाजिक दायित्व निधीच्या पैशातून वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या शेतकरी कुटुंबांसाठी एक मदतवाहिनी चालवली जात होती. मी या दुसऱ्या कामात होते. पण आमचे काम मोजण्याची पट्टी मात्र पहिल्याच कामाची होती, आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्यातून निर्माण झाले, असे मला आजही वाटते.

पट्टी अशी होती: एका फोनला पंचवीस मिनिटे, दिवसाला ठरावीक फोन, आणि दर आठवड्याला काही ध्वनिमुद्रणे ऐकून दिलेले गुण. त्या गुणांत पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी शब्दशः विचारली का, हेही पाहिले जाई. या चाचणीत प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन असे गुण असतात आणि एकूण सत्तावीस होतात. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास, निराश किंवा हताश वाटले का?’ असे प्रमाण मराठीत विचारले की आपल्याकडचा माणूस सहज ‘नाही जी’ म्हणतो. पाच मिनिटे पावसापाण्याचे बोलल्यावर तोच माणूस सांगतो, ‘वावरात जावासं वाटत नाही बाई, धुऱ्यापावतर जातो अन् वापस येतो.’ तोवर त्या प्रश्नाचा शून्य भरलेला असतो. शब्द बदलून विचारले तर ‘संहिता सोडली’ म्हणून गुण कापले जात. कंपनीचे म्हणणे पूर्ण चुकीचे होते असेही नाही. प्रमाणित चाचणीचे शब्द प्रत्येकाने आपल्या मनाने बदलले, तर गुणांची तुलनाच करता येत नाही. पण मग शब्द नीट अभ्यासून, सर्वांनी मिळून ठरवावेत, एवढीच आमची मागणी होती, आणि ती मान्य व्हायला वर्ष लागले.

त्या वर्षातला एक भाग मात्र मी आनंदाने आठवते. दारव्ह्याचा एक सहकारी, अचलपूरची एक सहकारी आणि मी असे तिघे दर शनिवारी संध्याकाळी फोनवर बसून, लोक त्रास कोणत्या शब्दांत सांगतात त्याची यादी करत होतो. ‘जीव घाबरते’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘रातभर डोयाले डोया लागत नाही’, ‘डोक्यात चक्र चालूच रायते’. कोणते वाक्य झोपेबद्दल आहे, कोणते भीतीबद्दल, आणि कोणते ऐकल्यावर जगण्यामरण्याचा प्रश्न थेट विचारायला हवा, हे आम्ही एका ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञांना दाखवत होतो, आणि ते डॉक्टर स्वतःचा वेळ देऊन प्रत्येक ओळ तपासत होते. अशी माणसे या क्षेत्रात भेटतात. पगारापेक्षा हे सोबतीचे काम मला तिथे धरून ठेवणारे होते, आणि तुम्हालाही कदाचित तसेच वाटेल, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

आता ज्या रात्रीमुळे माझे मत बदलले ती सांगते. २०२२ चा नोव्हेंबर होता. अतिवृष्टीने सोयाबीन गेलेले वर्ष होते ते. शिफ्ट संपायला वीस मिनिटे असताना एका शेतकऱ्याचा फोन आला आणि दुसऱ्याच वाक्यात माझ्या लक्षात आले की हे गृहस्थ जीव देण्याच्या विचारात आहेत. मी एक तास पन्नास मिनिटे बोलत राहिले. मधल्या काळात सहकाऱ्याने त्यांच्या साळ्याला फोन लावला आणि तो मोटारसायकलने पोहोचून त्यांच्याजवळ बसल्याचे ऐकल्यावरच मी फोन ठेवला. सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा सुरू होऊन तेव्हा महिनाच झाला होता. तिचा १४४१६ हा मोफत आणि अहोरात्र चालणारा क्रमांक मी त्या दोघांनाही लिहून घ्यायला सांगितला. त्यानंतर मला कोणाचा तरी फोन येईल, ‘तू कशी आहेस’ असे कोणी विचारेल, असे वाटत होते. कोणाचाही आला नाही. तीन दिवसांनी गुणपत्रक आले आणि त्यात फोन लांबल्याबद्दल आणि समारोपाचे ठरलेले वाक्य न म्हटल्याबद्दल गुण कमी झाले होते.

मी तक्रार केली. आमच्या व्यवस्थापक बाई अतिशय मृदू आवाजात बोलल्या. ‘तू फार गुंतून जातेस, सीमा आखायला शीक, स्वतःची काळजी घे, आपल्याच ॲपवर श्वसनाचे सत्र आहे ते करून बघ’, असे त्यांनी सुचवले. या कार्यसंस्कृतीचे मर्म इथे आहे, असे मला वाटते. दुसऱ्या कार्यालयात वरिष्ठ ओरडले तर आपल्यावर अन्याय झाला, हे आपल्याला निदान कळते. इथे तक्रार ऐकून घेतली जाते, समजूतदारपणे मान डोलावली जाते, आणि मग ती तक्रार तुमच्याच मनाचा दोष म्हणून तुमच्या हाती परत येते. आम्ही मनाचे शिक्षण घेतलेली माणसे असल्यामुळे आम्हालाही ते पटत असे. मी दोन महिने खरोखर मानत होते की माझ्यातच काही कमी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी संबंधित स्थिती म्हटले आणि त्याचे मूळ कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणात दाखवले. हीच व्याख्या आम्ही ग्राहक कंपन्यांच्या व्यवस्थापकांना शिकवत होतो. त्यांना आम्ही सांगत होतो की थकलेल्या कर्मचाऱ्याला ध्यान शिकवण्याआधी त्याच्या कामाचे ओझे तपासा. आमच्यासाठी ते कोणी तपासले नाही.

तुम्ही समुपदेशक होणार आहात, म्हणून एका गोष्टीवर अधिक बोलते: पर्यवेक्षण, म्हणजे आपण सुपरव्हिजन म्हणतो ते. अवघड प्रसंगानंतर अनुभवी तज्ज्ञासमोर बसून आपण काय बोललो, कुठे चुकलो, आपल्या मनात काय उरले, हे मोकळेपणाने मांडण्याची ती जागा असते. पहिल्या वर्षी आम्हाला दर गुरुवारी, पाच जणांच्या गटात, एक तास मिळत होता. करार नव्याने झाल्यावर तो महिन्यातून एकदाच उरला, आणि पुढे तर तो मासिक आढाव्यातच मिसळला गेला. वेळ कमी झाला याहूनही हे मिसळणे घातक होते, कारण ज्या व्यक्तीच्या हाती तुमची पगारवाढ आहे तिच्यापुढे ‘मला त्या फोननंतर भीती वाटते’ असे कोणी म्हणत नाही. कंपनी कर्मचाऱ्यांना सहा मोफत सत्रे देत होती. ती घ्यायची कोणाकडून, तर आपल्याच सहकाऱ्यांकडून. माझ्या ओळखीत एकानेही ती घेतली नाही.

‘ग्रामीण भागात एवढी रचना परवडत नाही’, असे उत्तर तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून हेही लक्षात ठेवा. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. त्यात गावातले आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्या वर समुपदेशक आणि त्यांच्या वर मनोविकारतज्ज्ञ अशी पायऱ्यांची रचना होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वरच्या पायरीचा आधार देऊन आपल्या भागात हे काम झालेले आहे.

पदनामाबद्दलही थोडक्यात सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायला १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार नोंदणी लागते, आणि ती नुसत्या एम.ए.वर मिळत नाही. माझ्या एका सहकारी मुलीच्या नावापुढे ॲपवर ते पद परस्पर लावले गेले होते. तिने लेखी हरकत घेतल्यावर ते काढले. तुमच्या नावापुढे काय छापले जाते, ते पहिल्याच दिवशी पाहा.

मुलाखतीत पगाराबद्दल विचाराच, पण त्याआधी हे विचारा की जीवाला धोका असलेला फोन आला तर त्या क्षणी तुमच्यासोबत कोण असेल, त्यानंतर दुसरा फोन किती वेळाने येईल, आणि पर्यवेक्षण करणारी व्यक्ती तुमचे मूल्यमापनही करते का. उत्तर देताना ते थेट प्रसंग सांगतात की ‘आमची संस्कृती कुटुंबासारखी आहे’ असे म्हणतात, यावर लक्ष ठेवा. शक्य झाल्यास नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या समुपदेशकाशी बोला; सध्या तिथे असलेले लोक मनापासून बोलले तरी पूर्ण बोलू शकत नाहीत. नोटीसचा काळ माझ्या वेळी तीन महिन्यांचा होता आणि तो मला फार जड गेला.

राहिला गावातून काम करण्याचा प्रश्न. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या उपचारांबाबत गोपनीयतेचा अधिकार आहे, आणि टिनाच्या छपराच्या दोन खोल्यांच्या घरात तो सांभाळणे सोपे नसते. नेटवर्क अंगणातच मिळे आणि समोरच्या ओट्यावर बायका बसलेल्या असत. वीज गेली की फोन तुटे, म्हणून इन्व्हर्टर मी स्वतःच्या पैशाने घेतला. कंपनीने तो खर्च कधीच दिला नाही. एकदा तर फोन करणाऱ्या बाईंनी माझा आवाज ओळखला, त्या माझ्या मावशीच्या सासरच्या निघाल्या, आणि अशा वेळी फोन दुसऱ्याकडे कसा सोपवायचा याची कोणतीही पद्धत ठरलेली नव्हती. त्यामुळे जमत असेल तर पहिले सहा महिने नागपूरच्या किंवा वर्ध्याच्या कार्यालयातून काम करण्याची मागणी करा, आणि ते शक्य नसेल तर दार बंद होणारी एक खोली, इन्व्हर्टर आणि इंटरनेट यांचा खर्च आणि ओळखीचा फोन आल्यास तो दुसऱ्याकडे देण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी नियुक्तिपत्रात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.